दयामरणातली दया कुणाची?

७ मार्च २०११ ला परळच्या केईएम रुग्णालयात नर्सेसनी मिठाई वाटली आणि केक कापला. अरुणाचा पुनर्जन्म झाला, असं त्या म्हणत होत्या. अरुणा शानबाग यांचं अन्न थांबवावं आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावं, ही विनंती सर्वोच्च न्यायालयानं त्या दिवशी फेटाळली होती. विनंती करणाऱ्या होत्या पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी. अरुणाची हकिकत त्यांनी १९९८ साली पुस्तकातून लोकांपुढे आणली होती. तिचे हाल आता संपावेत, एवढ्या एकाच तळमळीनं त्यांनी न्यायालयाचं दार ठोठावलं होतं.

हकिकत बहुतेकांना ठाऊक असेल. अरुणा मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला आणि मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला. तेव्हा ती २५ वर्षांची होती. त्यानंतर जवळपास ४२ वर्षं ती त्याच रुग्णालयात एका खाटेवर, भान हरपलेल्या अवस्थेत होती. अशा अवस्थेत डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचं चक्र चालू राहतं, श्वासही आपला आपण चालतो. फक्त स्वतःचं आणि भोवतालचं भान असल्याची खूण सापडत नाही.

या खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण एरवी अशा प्रसंगी जो संशय मनात येतो, त्याला इथे जागाच नव्हती. वाटणीची जमीन नव्हती, बिलाला कंटाळलेली सून नव्हती, इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला पुतण्या नव्हता. तिला जगवणाऱ्यांना तिच्या जगण्यातून काही मिळवायचं नव्हतं आणि तिची सुटका मागणारीलाही तिच्या मरणातून काही नको होतं. दोन्हीकडे होती ती अरुणाबद्दलची भावनाच. आणि त्या दोन भावना न्यायालयात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या होत्या.

“भावनेच्या आहारी जाऊ नका,” असं आपण सहज म्हणून जातो. जीवनमरणाचा निर्णय असेल तर जास्तच ठासून म्हणतो. डोकं थंड ठेवायचं, आकडे बघायचे, भावना घरी ठेवून रुग्णालयात जायचं. पण भावना खरोखरच घरी ठेवता आल्या तर काय होतं, याची उत्तरं मेंदूविज्ञानाकडे आहेत आणि ती दिलासा देणारी नाहीत.

न्यूरॉलॉजिस्ट अँतोनिओ दमासिओ यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात एलियट या टोपणनावानं एका रुग्णाची गोष्ट सांगितली आहे. कपाळामागच्या भागात झालेली गाठ शस्त्रक्रियेनं काढल्यावर या माणसाची स्मरणशक्ती, भाषा, बुद्ध्यंक सगळं शाबूत होतं. हरपलं होतं ते वाटणं. स्वतःच्या आयुष्याची झालेली वाताहत तो परक्याची बातमी सांगावी तशी सांगायचा. आणि त्याला धड निर्णय घेता येत नव्हते. नोकरी गेली, पैसा गेला, संसार मोडला. दमासिओंच्याच आणखी एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळपास अर्धा तास दोन्हींच्या बाजूनं आणि विरुद्ध कारणं मोजत बसला. कारणांचा तोटा नव्हता. अमुक कारण तमुक कारणापेक्षा जास्त महत्त्वाचं, हे आतून सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

२००७ साली ‘नेचर’मध्ये आलेला एक अभ्यास याच वाटेनं पुढे गेला. मेंदूच्या याच भागाला इजा झालेल्या सहा जणांना नैतिक पेच घातले गेले. त्यातला एक असा: शत्रूचे सैनिक बाहेर आहेत, तुम्ही इतरांबरोबर तळघरात लपला आहात आणि तुमचं तान्हं मूल रडू लागलं आहे. त्याचं तोंड दाबून ठेवलं तर ते गुदमरून मरेल, नाही दाबलं तर सगळेच मरतील. निरोगी माणसं इथे अडखळतात, हेलावतात, त्यांच्यात फूट पडते. या सहा जणांचा कल मात्र अशा प्रश्नांमध्ये हिशेबाकडे बराच जास्त झुकलेला आढळला: एकापेक्षा अनेक मोठे, म्हणून दाबावं. हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. पण तान्ह्या बाळाच्या तोंडावर हात ठेवताना जो कापत नाही, त्याला आपण काय करतो आहोत ते पूर्ण कळलं आहे असं मी मानणार नाही. ते कापणं हा त्या प्रसंगाच्या आकलनाचाच एक भाग आहे.

मग भावनेवरच सगळं सोपवावं का? तसंही नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांचा १९९५ चा एक प्रयोग मला नेहमी अस्वस्थ करतो. गंभीर आजारी मुलांना मदत करणारी एक संस्था आहे, तिच्याकडे प्रतीक्षा यादी आहे आणि यादीत एक दहा वर्षांची मुलगी आहे, असं सहभागी लोकांना सांगण्यात आलं. तिच्यापेक्षा जास्त गरजू मुलं यादीत तिच्या आधी आहेत. तिचा क्रमांक वर आणायचा का? वस्तुनिष्ठपणे विचार करा असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी तिला वर आणलं. तिला काय वाटत असेल याची कल्पना करा असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यापैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी. म्हणजे त्यांनी इतर मुलांना मागे ढकललं. ती मुलं कमी आजारी नव्हती, त्यांची वेदना कमी नव्हती. त्यांचा आवाज कुणी ऐकवला नव्हता, एवढाच फरक. उपचारासाठी पैसे गोळा करण्याचं आवाहन मोबाइलवर येतं तेव्हा आपल्या हातून नेमकं हेच होतं: फोटो असलेल्या बाळासाठी जीव तुटतो आणि त्याच वॉर्डात फोटोविना पडलेलं बाळ आपल्या लेखी नसतंच.

इथे मला मराठीचा आधार वाटतो. आपल्याकडे या भावनेसाठी शब्द मुबलक आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कीव येते ती वरून खाली बघताना. कीव करणाऱ्याच्या पायाला चिखल लागत नाही. दयेतही देणारा आणि घेणारा यांच्यात एक पायरी असतेच. कणव त्यापेक्षा हळवी. कळवळा आला की माणूस जागचा उठतो, काहीतरी करायला धावतो. माया मात्र एका क्षणात उपजत नाही. ती लागते, सवय लागते तशी. हात लावून, भरवून, पुसून, दिवसांमागून दिवस घालवून. बॅट्सनच्या प्रयोगातल्या लोकांना त्या मुलीचा कळवळा आला होता. तिच्यावर त्यांची माया नव्हती, असण्याची शक्यताही नव्हती.

अरुणाच्या खटल्यात न्यायालयासमोर कायद्याचा एक प्रश्न होता तो तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा. तिचे आईवडील हयात नव्हते आणि इतर नातेवाइकांचा फारसा संबंध उरला नव्हता. पिंकी विराणींनी तिच्यासाठी लिहिलं, लढल्या. न्यायालयानं त्यांच्याबद्दल आदरच व्यक्त केला. पण बोलण्याचा अधिकार दिला तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस तिचं सगळं त्यांनी केलं होतं. मराठीत सांगायचं तर न्यायालयानं कळवळ्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि शब्द मायेचा मानला.

त्या मायेला पुरावा होता, आणि तो शब्दांत नव्हता, कातडीवर होता. इतकी वर्षं खाटेला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा न होणं ही साधी गोष्ट नव्हे. दर थोड्या तासांनी कूस बदलावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं, रात्रपाळीतही, सणावारीही. अरुणाला शय्याव्रण झालेलं नाही, असं केईएमनं सांगितलं होतं. शेवटच्या वर्षांत तिचं करणाऱ्या नर्सेसपैकी कित्येक जणींचा १९७३ साली जन्मही झालेला नव्हता. धडधाकट, बोलणारी, लग्नाची स्वप्नं बघणारी अरुणा त्यांनी पाहिलीच नव्हती. तरी वॉर्डात नव्यानं आलेली मुलगी जुन्या सिस्टरकडून हे काम शिकत होती, आणि कामाबरोबर मायाही.

पण त्याच मायेबद्दल एक अवघड प्रश्न उरतो. मासे भरवले की तिच्या चेहऱ्यावर हसू येतं, असं तिला भरवणाऱ्यांचं सांगणं होतं. ते हसू होतं की स्नायूंची हालचाल? न्यायालयानं नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या समितीनं तिला तपासलं. ती मेंदूमृत नव्हती, हे स्पष्ट होतं. भान हरपलेल्या कायमस्वरूपी अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडत होते. रोज भरवणाऱ्या हाताला तज्ज्ञाच्या अर्ध्या तासाच्या तपासणीत न दिसणारं काही दिसू शकतं. कोणत्याही तान्ह्या बाळाच्या आईला विचारा. आणि जे दिसावंसं वाटतं तेच दिसू लागतं, हेही तितकंच खरं. मायेचा हाच स्वभाव आहे: ती नजर तीक्ष्ण करते आणि त्याच नजरेत आपली आस मिसळते. म्हणून न्यायालयानं निकालात ठेवलेली एक मोकळी जागा मला फार मोलाची वाटते. पुढे केईएमच्या कर्मचाऱ्यांचंच मत बदललं, तर त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जाता येईल, असं निकालात म्हटलं होतं. मायेला बोलण्याचा अधिकार दिला आणि पुन्हा विचार करण्याची वाटही ठेवली.

दूरच्या कळवळ्याची चूक निराळी असते. तो दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघतो आणि तिथे स्वतःचीच भीती त्याला दिसते. २०११ साली बेल्जियमच्या लीएज विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘लॉक्ड-इन’ अवस्थेतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. हे रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतात, पण डोळ्यांच्या हालचालीपलीकडे शरीर जवळपास हलत नाही. पापण्या मिटून एकेक अक्षर निवडत ते बोलतात. ‘असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं’ हा उद्गार धडधाकट माणसाच्या तोंडून हमखास निघेल अशी ही अवस्था. त्यांना विचारलं, तर ६५ पैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं आणि १८ जणांनी दुःखी असल्याचं. उत्तर देणारे कदाचित त्यातल्या त्यात बरे असतील, ही मर्यादा धरली तरी आकडा विचारात पाडतो. त्या १८ जणांचं म्हणणंही तितक्याच गांभीर्यानं ऐकायला हवं. बाहेर उभं राहून ‘किती हे हाल’ म्हणणाऱ्याला ते ४७ कोण आणि १८ कोण, हे ओळखता येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे. विचारावं लागतं. अरुणाला विचारण्याची सोयच नव्हती, ही त्या खटल्यातली खरी वेदना.

बहुतेकांच्या वाट्याला असा खटला येत नाही. वाट्याला येतं ते आयसीयूबाहेरचं बाकडं. आत वडील व्हेंटिलेटरवर, मूत्रपिंडं थकलेली, वय ८२. डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात विचारतात, पुढे काय करायचं. आणि मुलगा म्हणतो, “सगळं करा डॉक्टर, पैशाकडे बघू नका.” हे वाक्य प्रेमाचं आहे. पण त्यात आणखीही काही दडलेलं असतं: गेल्या दिवाळीला जायचं राहून गेलं त्याची टोचणी, ‘नळी काढायला यानंच सांगितलं’ असं चुलते उद्या म्हणतील त्याची धास्ती, आणि निर्णयाचं ओझं आपल्या एकट्याच्या डोक्यावर नको ही धडपड. डॉक्टरांना यातला प्रत्येक धागा ओळखता येतोच असं नाही. मुलाला स्वतःलाही येत नाही.

अपराधीपणाच्या या भावनेला वैद्यकीय वाङ्मयात गमतीशीर नावही आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या वृद्धरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ या प्रकाराचं वर्णन आलं. रुग्णाजवळ असलेल्या माणसांनी, डॉक्टरांशी बोलून, उपचार आवरते घ्यायचं ठरवलेलं असतं. तेवढ्यात दूरवरून, बऱ्याच वर्षांनी, एक नातलग येऊन थडकते आणि शक्य ते सारं करण्याचा हट्ट धरते. हे वाचताना पुण्यातली, डोंबिवलीतली, नाशिकमधली किती घरं डोळ्यांपुढे येतात! मुलगा न्यू जर्सीत, मुलगी सिडनीत, आईचं सगळं करते शेजारची वहिनी आणि दिवसभराची मावशी. विमानतळावरून थेट आयसीयूत आलेल्या त्या मुलाच्या प्रेमावर शंका घेणं अन्यायाचं होईल. आई हळूहळू उतरत गेली ती वर्षं त्यानं पाहिलेली नसतात. त्याच्या मनातली आई अजून स्वयंपाकघरात उभी असते, आणि तो त्या आईला वाचवायला निघालेला असतो. अशा वेळी त्याला ‘भावनेच्या आहारी जाऊ नका’ म्हणून काही उपयोग नाही. गेले सहा महिने आईला आंघोळ घालणाऱ्या मावशींना बोलवावं आणि दोघांना एका बाकावर बसवावं. त्यानं बरंच काही उलगडतं.

बाकड्यावरचा आणखी एक प्रश्न आहे: “डॉक्टर, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?” पुष्कळ डॉक्टर तो टाळतात, आणि त्यांचा संकोच मला समजतो. पण विचारणाऱ्याला त्यांच्या वडिलांची माहिती नको असते. टक्केवारी त्यानं ऐकलेली असते आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नसतं. ज्यानं हे अनेकदा पाहिलं आहे त्याच्या आत काय होतं, ते त्याला हवं असतं. दमासिओंचा रुग्ण ज्याविना तारखाच मोजत बसला, तेच. मला वाटतं डॉक्टरांनी तो प्रश्न उलटा फिरवावा: “माझे वडील वेगळे. तुमचे वडील आता बोलू शकले असते, तर काय म्हणाले असते?” त्या क्षणी मुलगा स्वतःच्या भीतीतून निघून वडिलांच्या आवाजाकडे वळतो. कधी कधी त्याला तो आवाज स्वच्छ ऐकू येतो.

मराठीत या विषयासाठी दोन शब्द चालतात आणि ते आपण अदलाबदलीनं वापरतो, ते बरोबर नाही. दयामरण आणि इच्छामरण. पहिल्यात भावना बघणाऱ्याची, दुसऱ्यात मरणाऱ्याची. इच्छामरण आपल्याला परकं नाही. शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म आहेत, आणि अगदी जवळच्या काळात १९६६ साली अन्नपाणी सोडून गेलेले सावरकर आहेत, १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध नाकारून देह ठेवणारे विनोबा आहेत. त्या निर्णयांबद्दल मतं निरनिराळी असतील. पण त्या सर्वांना आपलं म्हणणं आपल्या तोंडानं सांगता आलं. आजच्या आयसीयूत त्याच तोंडात नळी असते.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. बरं होण्याची आशा संपली असेल आणि आपल्याला बोलता येत नसेल, तेव्हा कोणते उपचार नकोत हे त्यात सांगता येतं. यात कुणी इंजेक्शन देऊन प्राण घेत नाही. लांबवणारे उपचार थांबवायचे आणि वेदना शमवण्याचं काम चालू ठेवायचं. सुरुवातीची प्रक्रिया इतकी किचकट होती की फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ती सोपी केली: न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीऐवजी दोन साक्षीदारांसमोर नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, आणि रुग्णालयात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं शक्यतो ४८ तासांत आपलं मत देतात. अरुणाच्या खटल्यात कळवळा आणि माया दोघांना रुग्णाच्या वतीनं भांडावं लागलं होतं. इथे रुग्णच, शांत डोक्यानं, आधी बोलून ठेवतो.

तरीही कागद सगळं सांगू शकत नाही, आणि कायद्यालाही ते ठाऊक आहे. म्हणून त्या इच्छापत्रात आपल्या जवळच्या माणसाचं नाव लिहायचं असतं. आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचार थांबवायला संमती द्यायची ती त्यानं. २०२३ पासून एकापेक्षा जास्त नावंही देता येतात. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छातीवर दाब यांच्याबद्दलच्या ओळी डॉक्टरांना विचारून भरता येतील. या रकान्यासाठी मात्र घरात नजर फिरवावी लागते. आपल्यावर जिची माया सगळ्यात जास्त, ती ‘थांबवा’ म्हणू शकेल का? ज्याचं डोकं सगळ्यात शांत, त्यानं आपला हात शेवटचा कधी धरला होता? नाव ठरलं तर ते त्या माणसाला सांगावं लागतं, जेवणं उरकल्यावर, टीव्ही बंद करून.

अरुणाच्या बाबतीत तो रकाना नव्हता. तिथे एका अख्ख्या रुग्णालयाचं नाव लागलं. निकालानंतर चार वर्षं केईएमच्या कुणीही मत बदललं म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला नाही. मे २०१५ मध्ये तिला न्यूमोनिया झाला, व्हेंटिलेटर लावावा लागला आणि १८ मेच्या सकाळी ती गेली. भोईवाड्याच्या स्मशानात निरोप द्यायला तिच्या नर्सेस आल्या होत्या.